खुणेची पितळी

माय,

बा कसा आहे? त्याचा गुडघा अजून धरतो का? मावशीचा दमा बसला असेल, तिकडे धूळ कुठून येणार. आणि तुझी कंबर? पाठ टेकून श्वास घेता येतो का आता? इकडे सगळे बरे आहोत. तुझी नात सावनेरला दिली. तिच्या मांडीवर आता तिचं पोर असतं. तिला मांडी घालून बसलेली पाहिली की मी उठून बाहेर जातो.

गिरणीत तू दिवसभर उभी असायचीस, म्हणून कंबर दुखते असं आम्ही धरून चाललो. मग दम लागायला लागला, छातीत पाणी निघालं. गिरणीतली बाई आणि छातीत पाणी, म्हणजे टीबीच. डॉक्टरने पुढे पाहिलं नाही, आम्हीही विचारलं नाही. रोजची सुई सुरू झाली. तुझी जेवायची पितळी मीच वेगळी काढली. चुकून आमच्यात मिसळू नये म्हणून तिच्या काठावर खिळ्याने खूण करत बसलो होतो, तर तू खाटेवरून म्हणतेस, "खूण काहून करून राहिला गा? नावच कोर माहं, आहेराच्या भांड्यावर असते तसं." मी हसलोसुद्धा नाही.

आठ महिने पोरीला तुझ्या खोलीचा उंबरा ओलांडू दिला नाही. तिच्यासाठी तू पदरात बांधून ठेवलेले फुटाणे मी तुझ्यादेखत चुलीत टाकले. "एकदा मांडीवर दे गा तिले." "डॉक्टरनं मना केलं, माय." "त्याले काय जाते? त्याची नात थोडीच आहे ते!"

तिसऱ्यांदा पाणी काढलं तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या एकाने ते नीट तपासलं. रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो होतो. हाडांच्या मगजाचा कॅन्सर, म्हणाला. त्याचं पाणी छातीत उतरणं फार क्वचित, म्हणून शिकाऊ डॉक्टरांना बोलावून त्याने त्या पाण्याची तपासणीची काच दाखवली. टीबी नव्हताच. हा आजार कोणाला लागत नाही. जन्मभर तुझ्या वाट्याला वेगळं असं काही आलं नाही, माय. आलं ते हे दुखणं आणि ती पितळी.

मी चौथी शिकलेला. पुढे वाचनालयात बसून या रोगाबद्दल मिळेल ते वाचलं. आधी कळलं असतं तरी तू वाचली नसतीस, एवढं समजलं. त्याने मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही.

कारण एक गोष्ट मी तुझ्या सुनेलाही सांगितलेली नाही. रिपोर्ट मला दुपारीच कळला होता. संध्याकाळी तू पुन्हा पोरीला मागितलंस, आणि मी "उद्या" म्हणालो. तेव्हाच आणून दिली असती, तर आठ महिने उगाच गेले हे तुझ्या तोंडावर कबूल करावं लागलं असतं. मला लाज वाटली. सकाळी तिला न्हाऊ घालून, नवा फ्रॉक घालून आणली. तू गेली होतीस.

हे पत्र टाकायला पेटी नाही, पितळीखाली ठेवतो. तू लवकर लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.