गोळा हातात नाही

बाबा, काल मी सही केली नाही. तुम्ही आता नाही, तुम्हाला सांगून काही उपयोग नाही हे कळतं, तरी सांगते.

ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून दूरच्या उपकेंद्राला जाणारे आदेश कुलूपबंद असतात. त्या कुलपाची चावी म्हणजे आकड्यांची लांबलचक ओळ. ती दोन्ही टोकांना सारखी हवी आणि मधल्या कुणाला कळता कामा नये. त्यासाठी आमच्याकडे नव्या पद्धतीची चाचणी चालली होती. काचेच्या तारेतून प्रकाशाचा एकेक कण सोडायचा. वाटेत कुणी तो वाचू पाहिला की कण बिघडतो, आणि त्याची हुबेहूब नक्कलही करता येत नाही. मग दोन्ही टोकं थोडे आकडे ताडून पाहतात. चुका मर्यादेपलीकडे गेल्या तर ती चावी टाकून द्यायची. तार वाऱ्यानं हलली असेल, असं म्हणायचं नाही. चोर होता असंच धरायचं.

आमच्या चुका रोज मर्यादा ओलांडत होत्या. कोळशाच्या गाड्या जातात, खांबावरची तार थरथरते, असं सगळ्यांचं मत. माझंही. पाहणीला माणसं येणार होती, म्हणून साहेबांनी मर्यादा थोडी वाढवून चाचणीच्या अहवालावर सही करायला सांगितलं. मी नाही म्हटलं.

साहेब म्हणाले, "मॅडम, या जंगलात कोण ऐकून राह्यलं? वाघ?"

सगळे हसले. मी म्हटलं, वाघ असला तरी त्याला चावी मिळणार नाही. चाचणी बंद झाली. तिच्यासाठी कंत्राटावर घेतलेल्या जिवती गावच्या मुलीचं काम गेलं. तिनं डबा पिशवीत घातला, "येतो बाई" म्हणाली आणि बसकडे गेली. एक शब्द जास्त नाही. आईसारखी.

तेव्हापासून माझ्या लहानपणची नागभीडची छोटी गाडी डोक्यातून जात नाही. तुम्ही इंजिनावर. मी आणि आई पहिल्या डब्यात. आईला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झालेल्या, तिला नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. एकेरी रूळ. पुढच्या स्टेशनापर्यंतची लाइन आपली, याची खूण म्हणजे वेताच्या कडीत अडकवलेला लोखंडी गोळा. स्टेशनातल्या यंत्रातून एका वेळी एकच बाहेर निघायचा. तो तुम्ही चालत्या इंजिनावरून झेलायचात. त्या दिवशी तो हातातून सुटला आणि धानाच्या बांधीत, पाणी भरलेल्या शेतात पडला. तुम्ही गाडी थांबवली.

फायरमन खाली उतरून हात जोडतो आहे. "भाऊ, समोरून गाडी नाई, मले मालूम हाय. चाला ना. वहिनी कण्हून राह्यल्या."

तुम्ही चिखलात चाचपडता आहात. मान वर न करता म्हणता, "गोळा हातात नाई, तं लाइन आपली नाई."

गोळा सापडला. बाळ राहिलं नाही. उशिरामुळे का, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, आईनं कधी विचारलं नाही. तुम्ही मात्र त्यानंतर तिच्यासमोर जेवायला बसेनासे झालात. ताट घेऊन ओट्यावर जायचात.

शिस्त मी वडिलांकडून घेतली, असं ऑफिसात सांगत आले. तिथे जे सांगत नाही, तेवढं आज तुम्हाला सांगते. त्या डब्यात आईचा हात धरून मी गोळा सापडू दे असं म्हणत नव्हते. बाबांना गोळ्याशिवाय गाडी सोडू दे, असं म्हणत होते.

जिवतीच्या त्या मुलीला फोन लावायचा म्हणून सकाळपासून बसले आहे, आणि लिहिते आहे तुम्हाला.