भरलेला ग्लास

३ फेब्रुवारी
वाचनालयाशेजारच्या सार्वजनिक स्वच्छतागृहाचं काम माझ्याकडे आलं. व्हीलचेअरवाल्यांसाठी वेगळी खोली, रॅम्प, धरायला दांड्या, सगळं. साहेबांना म्हटलं, हे काम माझ्याइतकं मनापासून कोण करणार? घरात ताई आहे, व्हीलचेअरवर.
ताईला सांगितलं. पूर्वी ती दर रविवारी वाचनालयात मुलांना गोष्टी सांगायची. त्या लग्नानंतर बंद. म्हणाली, तू बांध, मी पुन्हा सुरू करते.

६ फेब्रुवारी
मामेभावाच्या त्या लग्नाबद्दल इथे कधी लिहिलं नाही. हॉलमध्ये ताईची खुर्ची आत जाईल असं एकही बाथरूम नव्हतं. तिने धरता येईल तेवढं धरलं. परत येताना गाडीत कुणीच बोललं नाही. मागच्या सीटवर अंथरलेला टॉवेल धुऊन डिकीत ठेवलाय. तो फेकवत नाही, वापरवतही नाही. डिकी उघडणंच टाळतो.
तेव्हापासून बाहेर निघायचं असलं की ताई पाणी पीत नाही. दवाखान्यात जातानासुद्धा. टेबलावर ग्लास भरलेला राहतो. डॉक्टर तिला झापतात, किडन्या घालवायच्यात का?

१९ फेब्रुवारी
टाइल्सचा प्रश्न. पांढऱ्याने दवाखाना वाटतो. निळी मला आवडते, पण हा माझा अहंकार तर नाही? स्वतःला कठोरपणे विचारलं. निळीच. बेसिनही मोठं, ऐसपैस घेतलं. माणसाचा मान राखला पाहिजे.

४ मार्च
दार. बाहेर उघडलं तर फूटपाथवरच्या एखाद्याच्या नाकावर बसायचं. म्हणून आत उघडणारं. आपण पादचाऱ्यांचाही विचार केला, याचं समाधान वाटलं.
ताई म्हणाली, एकदा नेऊन दाखव ना. म्हटलं, सरप्राइज आहे. बायको म्हणाली, टाइलवाल्याला दहादा विचारलंस, जिला बसायचंय तिलाही विचार की. बायकोला बांधकामातलं कळत नाही. (हे लिहिणं योग्य आहे का? सवडीने विचार करावा.)

११ मार्च
चाचणी घेतली. ऑफिसातली चाकांची खुर्ची नेली, तिच्यावर बसून पायाने रेटत आत गेलो. आत गर्रकन वळलोसुद्धा. दार अजून बसवलेलं नव्हतं, पण दारात काय मोठंसं? पास.
निघताना मागे चाकाची कुरकुर ऐकू आली. ताईचं डावं चाक करतं, अगदी तशी. वळून पाहिलं. कुणी नव्हतं. ऑफिसची खुर्ची माझ्या हातात होती, आणि ती कुरकुरत नाही.

२० मार्च
आजही. दार बसलं का, ते बघायला गेलो होतो. कुरकुर रॅम्प चढून दारापर्यंत आली आणि थांबली. आत आली नाही.
कामाचा ताण असणार. रजा घ्यावी.

२ एप्रिल, सकाळी
काल उद्घाटन झालं. आज रविवार, ताईची गोष्ट. निघताना तिने ग्लास उचलला, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळं पाणी प्यायली. वर म्हणाली, आणखी अर्धा दे, इंजिनिअरसाहेब. रिकामा ग्लास धुताना वाटलं, आपल्या हातून काहीतरी झालं खरं.

२ एप्रिल, संध्याकाळी
गोष्ट अर्ध्यात थांबवून ताई मला म्हणाली, चल. डावं चाक कुरकुरत रॅम्प चढलं, दारातून आत गेलं आणि थांबलं. पुढे पाय बेसिनला अडले. मागची चाकं दाराच्या वाटेत. दार लावायला गेलो की खुर्चीवर आपटतं. बाहेर ते उघडत नाही. तसं मीच ठरवलंय.
ताई म्हणाली, अरे, लवकर काहीतरी कर.
डिकी उघडली. टॉवेल आणला. तिच्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी तो दारात धरून उभा राहिलो. डोक्यावर नवा फलक, ‘सर्वांसाठी खुले’. मुलं मागोमाग आली होती. विचारत होती, काका, पुढे राक्षसाचं काय होतं?
मागून ताई म्हणाली, टाइल्स मात्र छान आहेत हं.
परत येताना ती गाडीत बोलली. हे चांगलं लक्षण आहे. म्हणाली, दर रविवारी येशील का टॉवेल धरायला? म्हटलं, न यायला काय झालं?

९ एप्रिल
दार बदलण्याचा प्रस्ताव लिहायला घेतला. ‘चूक’ लिहावं की ‘सुधारणा’, इथेच अडलो. प्रामाणिक शब्द सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं ठरवलं.
टॉवेलला इस्त्री केली. गोष्टीची वेळ झाली म्हणून ताईला हाक मारली. ती केव्हाच तयार होऊन दाराशी बसली होती.
टेबलावर ग्लास भरलेला.