माजी सभापतींची जिग

५ जानेवारी, रविवार. सकाळी

निर्णय झाला. सूनबाईच्या वाद्यवर्गाला आजपासून जायचं. शिवकन्या तीन वर्षं आयर्लंडमध्ये नर्स होती. परदेशातून येताना लोक सोनं आणतात, घड्याळं आणतात. हिने पिशवीभर पत्र्याच्या बासऱ्या आणल्या. दर रविवारी पाचला वाचनालयाच्या माडीवर चार-दोन माणसं जमवते आणि तिकडच्या चाली शिकवते. त्याला स्लो सेशन म्हणतात. म्हणजे सगळ्यांनी मिळून, सावकाश.

बाजार समितीला पडल्यापासून संध्याकाळी दारात एक गाडी लागत नाही. वडवणीने बबनरावाला विसरता कामा नये. महिन्याभरात बासरी पक्की करतो. बाजार समिती चालवली त्याला सहा भोकं काय जड आहेत?

त्याच दिवशी, जेवणानंतर

गेलो. सगळे सतरंजीवर गोल करून बसलेले. पुढे कोण, मागे कोण, काही कळेना. मी खुर्ची मागवली. कागद नाही, पुस्तक नाही. शिवकन्या एक तुकडा वाजवते, मग सगळे तोच वाजवतात. चालीला जिग म्हणतात. आपल्या दादऱ्यासारखी, सहा मात्रांची. अध्यक्ष कोण, असं विचारलं. अध्यक्ष नसतो म्हणाली. नियम एकच. जो सगळ्यात हळू वाजवतो त्याच्या चालीने सगळ्यांनी जायचं, कुणाला मागे ठेवायचं नाही.

नियम चांगला आहे. पण अंगणवाडीच्या मदतनीस भिवराबाई वर्गात आहेत. त्यांचं वय बघता आम्हा सगळ्यांना अवघड जाणार.

८ जानेवारी

रोज पहाटे एक तास रियाज, असं ठरवलं होतं. सोमवारी थंडी. मंगळवारी आमच्या सरस्वतीबाई म्हणाल्या, म्हैस पान्हा चोरायला लागली, बासरी गोठ्यापासून लांब वाजवा. आज लांब जायला निघालो तर चप्पल सापडेना. उद्यापासून नक्की.

१२ जानेवारी, रविवार

चाल मुंगीच्या पावलाने. मी नजर ठेवून होतो. भिवराबाईच. मी एखादा सूर शोधायला थांबलो की त्याही थांबतात, म्हणजे त्यांनाही पुढचं येत नाही. वयस्कर बाई, तोंडावर बोलायचं कसं?

घरी जेवताना शिवकन्येला सुचवलं की हळू माणसांचा वेगळा वर्ग काढ. भाकरी वाढता वाढता तिचा हात थांबला. आमच्या चिरंजीवांना, रविराजला, जोराचा ठसका लागला. शेवटी ती म्हणाली, बघू मामा. पोरीला सल्ला पटलेला दिसतो.

१४ जानेवारी, संक्रांत

सभापती होतो तेव्हा तिळगूळ द्यायला अंगणात रांग असायची. आज दुपारपर्यंत पोस्टमन आणि शेजारचा शहादेव. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. म्हणून सेशन बरं. तिथं अजून माझ्यासाठी माणसं थांबतात. मी बासरी तोंडाला लावेपर्यंत कुणी सुरू करत नाही. गावात आता तेवढी एकच जागा राहिली आहे.

रियाज: सणामुळे नाही.

१९ जानेवारी, रविवार

भिवराबाई लेकीकडे माजलगावला गेल्या आहेत. आज चाल पळणार, असा अंदाज. पळाली नाही. उलट आणखी हळू. म्हणजे दोष वर्गातल्या तानाजीचा. तो बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. वराती फुंकून फुंकून दम संपला असणार. जाताना म्हणाला, "सभापती, तुमी व्हा म्होरं, आमी येतो मागून." पडलो तरी अजून सभापतीच म्हणतो. नेतृत्व अंगात असावं लागतं.

२२ जानेवारी

जाहीर करून टाकलं. २६ला झेंडावंदन झालं की वाचनालयापुढे आमचा कार्यक्रम. शिवकन्या म्हणे, सेशनला प्रेक्षक नसतात, आपलं आपल्यासाठी वाजवायचं असतं. वडवणीत बॅनरशिवाय कशाला किंमत नाही, हे तिला तिकडे राहून कळेनासं झालंय. बॅनर छापला. माझा फोटो मोठा, बाकीचे खाली एका ओळीत. सुरुवात मीच करणार.

रियाज: बॅनरच्या गडबडीत राहिला.

२६ जानेवारी

ऐतिहासिक दिवस. चाल तीनदा वाजवायची रीत आहे. मी सुरुवात केली, बाकीचे माझ्यामागे. पहिले दोन सूर झाले आणि मुख्याध्यापक उठून उभे राहिले. मग नगरसेवक. मग सगळी शाळा, हात खाली, ताठ. शेवटपर्यंत कुणी हललं नाही. जिलेबी गार झाली, एक पोरगं चक्कर येऊन पडलं, तरी लोक उभेच. आयुष्यात अशी दाद मिळाली नव्हती. निवडून आलो तेव्हाही नाही.

नंतर शहादेव विचारत होता, हे कोणत्या देशाचं राष्ट्रगीत होतं म्हणून. काही लोकांना संगीतातलं कळत नाही.

३० जानेवारी, गुरुवार

बीडला कामाला निघालो होतो. स्टँडवर पोचलो तर एसटी गेलेली. परत येताना वाचनालयाच्या माडीवरून जिग ऐकू आली. आमचीच, पण धावणारी. शिवकन्येने मोबाइलवर तिकडच्या लोकांची लावली असेल, असं वाटलं. वर गेलो.

मोबाइल नव्हता. भिवराबाई डोळे मिटून सगळ्यांच्या पुढे, बोटं दिसत नव्हती. तानाजी मान डोलवत त्यांच्या मागे. शिवकन्या वाजवता वाजवता थांबून हसत होती. आमच्या घरात ती अशी हसलेली मी कधी पाहिली नाही. गुरुवारीही जमतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

भिवराबाईंनी डोळे उघडले, मला पाहिलं. चाल लगेच उतरली. एका ओळीत माझ्या ओळखीची झाली. कुणी कुणाला खूण केली नाही, सगळं सवयीने झालं. तानाजीने उठून माझी खुर्ची आणली.

मी उभाच. त्या माडीवर सगळ्यात हळू कोण, ते कळलं. कान तापले. एवढी लाज तर मतमोजणीच्या दिवशीही वाटली नव्हती. शिवकन्येला म्हणालो, तुम्ही तुमच्या चालीने चालू द्या, मी नुसता ऐकत बसतो.

तिने ओढणी सावरली. "तुमी असल्यावर तसं कसं वाजवावं, मामा? मग तुमी मागं राहताल की."

बीडला काम आहे म्हणालो आणि निघालो. अर्धा जिना उतरलो नसेन, तोवर वर चाल पुन्हा धावत सुटली. तसाच पायरीवर बसून ऐकली. चांगली वाजवतात. लई चांगली. कुणी बघत नव्हतं, म्हणून मीही पायाने ठेका धरला. थोड्या वेळाने लक्षात आलं, तोही मागे पडतोय.