सूतभर सरकलेल्या फटी

नांदेड,
९ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
लुंबिनीचा सप्रेम जय भीम.

मामीचा गुडघा कसा आहे? तेल लावते की नुसतं बाटलीकडे बघत बसते? इथे सगळं ठीक. ऊन आतापासूनच चटके देतंय, मेसची भाजी होती तशीच आहे आणि मी जरा वाळलेय. एवढं शेवटचं तिला सांगू नका.

फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही "हाव, बरं हाय" म्हणता आणि मामीच्या हातात देता. वर्ष झालं असंच चाललंय. कागद तरी कुणाच्या हातात न देता वाचाल.

आधी आनंदाची बातमी: यंत्र चाललं.

भंगारात एखादा किरणोत्सारी तुकडा हरवला तर तो दुरूनच चित्रात दिसावा, यासाठी सगळा खटाटोप. आमच्या स्फटिकात गॅमा किरण किंवा न्यूट्रॉन शिरला की आत बारीक उजेड चमकतो. चमकण्याच्या तऱ्हेवरून दोघांतला कोण आला ते कळतं, पण कुठून आला ते कळत नाही. म्हणून स्फटिकापुढे फटी पाडलेल्या दोन चकत्या, एकीमागे एक, सोबत फिरवायच्या. फिरताना किरणांची वाट कधी मोकळी होते, कधी अडते. त्या चढउतारावरून जागा काढायची. त्याच चकत्या तुम्ही घडवून लातूरहून मांडीवर घेऊन एसटीने आणल्या होत्या. गॅमासाठी शिशाची जोडी, न्यूट्रॉनसाठी जाड प्लॅस्टिकची.

मी मोजपट्टी लावली. पुढच्या चकत्यांच्या फटी मध्यापासून सूतभर सरकलेल्या. माझं डोकंच फिरलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आगं, दोन्हीकडून सारखी दिसली की मिलमधली पोरं चाळणी उलटी बसवतेत. सूतभर सरकवली की उलटी-सुलटी लगेच कळतीया." आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "ही डाळमिल नाही."

मग हैदराबादहून नव्या चकत्या आणल्या, अगदी माझ्या आराखड्याबरहुकूम. चाचणीचा किरणोत्सारी तुकडा खिडकीपाशी ठेवला की चित्रात दोन ठिपके. एक खिडकीपाशी, एक बरोबर उलट्या बाजूला कपाटापाशी. कपाटात माझ्या वह्यांशिवाय काही नव्हतं. सहा महिने मी गणितं तपासली. सुकन्या मॅडम, माझ्या गाईड, रोज विचारायच्या, "यातला खरा कोणता?" मला सांगता यायचं नाही. माझा प्रबंध त्या एका प्रश्नापाशी अडून बसला होता, आणि मुदत संपत आली होती.

डिसेंबरात टेबलाखालचं पोतं ओढलं तर तुमच्या चकत्या. तुमचं ते वाक्य आठवलं आणि मी एक चकती हातात घेऊन फिरवून पाहिली. दोन्हीकडून सारखी चकती अर्धा फेरा फिरली तरी तशीच दिसते, मग यंत्राला तरी डावं-उजवं कसं कळणार? दुपारपर्यंत तुमच्या चकत्या बसवल्या. एकच ठिपका आला, खिडकीपाशी. गॅमाचाही, न्यूट्रॉनचाही. मॅडमनी दोनदा तुकडा हलवून पाहिला. ठिपका त्याच्यामागे गेला.

त्यांनी विचारलं, ही युक्ती कुणाची? म्हटलं, माझ्या मामांची. त्या म्हणाल्या, "ते मिस्त्री तुझे मामा होते?"

मामा, चकत्यांवरून बोलले त्याची माफी मी फोनवर केव्हाच मागितली असती. मला लिहायचंय ते दुसरंच. तुम्ही चकत्या आणल्यात त्या दिवशी मॅडमनी "हे कोण?" विचारलं तेव्हा मी "लातूरचे मिस्त्री" म्हणाले. तुमच्या शर्टावर तुरीचा भुस्सा होता, माझ्या गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र होतं, आणि मला लाज वाटली. तुम्ही ऐकलंत. "हाव, मिस्त्रीच हाय मी," म्हणालात, पाणी प्यालात आणि निघालात. मामीचे धपाटे तसेच टेबलावर राहिले. ते मी खाल्ले, पण कसे खाल्ले ते माझं मला माहीत.

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी तुमच्या घरी राहिले. मिलमधून आलात की हातपाय धुऊन समोर बसायचात, "आज काय शिकवलं, मला सांग." तुम्हाला कळेपर्यंत मला सांगावं लागायचं. मला पदार्थविज्ञान खरं तर तिथेच कळलं, क्लासमध्ये नाही. तुमचे फार उपकार आहेत मामा. हे तोंडावर सांगायला मी इतकी वर्षं घेतली.

चोवीस तारखेला सकाळी अकराला माझी तोंडी परीक्षा आहे. प्रबंधाच्या पहिल्या पानावर छापलंय: "चकत्यांची रचना: माझे मामा, श्री. व्यंकटराव सोनकांबळे, डाळमिल मिस्त्री, लातूर." मामीला घेऊन या. मिलमधून थेट आलात तरी चालेल, शर्ट बदलू नका. मी गेटवर उभी असेन आणि कुणी विचारायच्या आत सांगेन.

नाही आलात तर तेही मला समजेल. पण पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्यांवर मी कुणाला बसू देणार नाही.

व्यंकटराव मिस्त्रींची भाची,
लुंबिनी