राधाकाकूंची ठासणीची बंदूक

४ जानेवारी १९३७, जाफराबाद
"बंधूंनो, ज्यांच्या घरी वाडवडिलांची बंदूक आहे त्या सर्वांनो! तुमची शस्त्रं भंगाराच्या भावानं चालली आहेत, आणि तुम्ही मान खाली घालून तोलून देता!" गुरुवारच्या सभेची सुरुवात हीच. पुढचं अजून...
निमित्त शेजारच्या राधाकाकूंचं. काका वारले, लायसन त्यांच्या नावचं. आता विका, नाहीतर तहसिलीत जमा करा. हैदराबादचा व्यापारी गुरुवारीच येणार. काकू म्हणाल्या, "दादा, तुमी इतकी बुकं वाचता. हिचं वय सांगा. मंग मी बोलते त्याच्याशी बराबर."

५ जाने.
दिवसभर काकूंची ओसरी. एकनळी, ठासणीची : दारू-गोळी नळीच्या तोंडातून गजानं ठासायची. काकांनी कधी उडवली नाही, नुसती पुजली. घोड्याभोवती दसऱ्यांच्या हळदकुंकवाचा थर. काकूंनीच तेलाच्या चिंधीनं पुसला. खाली बारीक भोकं, पितळेनं बुजवलेली. तिथं कधीकाळी रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या दारूची, वाटी होती! म्हणजे ही मुळात चकमकीच्या ठिणगीनं उडणारी. घोड्याखाली फुटणाऱ्या टोपीची मागाहून केली. काकूंच्या मामंजींची नव्हे, त्यांच्याही आजोबांच्या काळची. किती राज्यं आली नि गेली, आणि हे लोखंड इथं ज्वारीतली रानडुकरं हाकत होतं.
काकूंचे दीर सखोबा : "दादा गप बसले! लिहून ठिवा कुनीतरी."
बंदूक दोन्ही हातांत तोलून पाहिली.
ठरवलं. सभेत ही डोक्यावर धरायची, घोडा ओढायचा, चाप दाबायचा. खट्! लोक उठून उभे राहतील.

६ जाने.
नळी मोजायला गज आत सोडला. तोंडाशी बोट धरलं, बाहेर काढून नळीवरून लावला. टोक घोड्यापर्यंत पोचेना. चार बोटं अलीकडेच. परत केलं. तेच. आत काहीतरी...
"भरलेलीच हाय," भाकरी थापता थापता काकू. "मामंजींनी ठासल्ती, टोपीसकट. दुसऱ्या दिशी गेले."
"आणि दर दसऱ्याला हिच्यापुढं निरांजन?"
"मंग? रिकामी पुजायची का? रिकाम्या हातानं वटी भरत्यात व्हय?"
सखोबा : "दादा, उद्या तुमच्या भाषणापरीस हिचाच आवाज मोठा झाला असता!"
हसलो. गेलेल्या माणसाचा जोर त्या नळीत अजून दाबून बसलाय. इतकं वाचलं, पण असं काही हातात धरलं नव्हतं.
काकूंना सांगितलं, रिकामी केल्याशिवाय व्यापारी घेणार नाही, तहसीलही नाही. त्यांनी गज माझ्या हातातून काढून घेतला. "मामंजींच्या हातचं तेवढंच राह्यलंय घरात. काढायचं का न्हाई, उद्या सांगते."

७ जाने., सकाळ
व्यापारी जालन्याहून निघालाय म्हणे. बंदूक देवापाशी, शेजारी नळीतली दारू भिजवायला पाण्याचा तांब्या. काकू दोन्हींकडे बघत बसल्यात. त्यांचं अजून ठरत नाही. वय मी सांगितलं, पण त्यांनी किंमत विचारली तर काय सांगू?
भाषणाची सुरुवात खोडली. आता एवढंच :
"बंधूंनो, विकायची की पुजायची ते मागाहून ठरवा. आज घरी गेल्यावर चापाला हात लावू नका. आधी नळीत गज घालून मोजा."