खिडकीखालचं रिंगण

जाऊबाई,

घर सोडलंत त्या सकाळी तुम्ही अंगणात उकिडव्या बसून माती उकरत होता, ते मी पडद्याआडून पाहिलं होतं. सामान हलवायच्या दिवशी कोणी माती उकरतं का? तुम्ही गेल्यावर मी सासूबाईंचा वाफा खणला. त्यांच्या पांढऱ्या नर्गिसचा एक कंद सापडेल तर शपथ! तुम्ही चोरून नेलेत, असं मी साऱ्या नातेवाइकांना सांगून टाकलं. मग त्या वाफ्यावर गाडीसाठी फरशी घातली. तो हट्ट माझाच होता, आणि तुम्ही घर सोडण्याआधीच तो भिंतीआडून ऐकला असणारच.

आज माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली हिरव्या पात्यांचं गोल रिंगण उगवलंय. ग्रेप हायसिंथ, निळ्या घोसांचं ते कंदाचं फुलझाड. मी लावलेलं नाही. याची पानं थंडीआधीच वर येतात, म्हणून झोपलेल्या कंदांभोवती हे लावायचं, म्हणजे कुणाची कुदळ चुकून त्यांच्यावर पडत नाही. ही सासूबाईंची रीत, आणि त्यांनी ती आपल्या दोघींनाच शिकवली.

रिंगणाच्या मधली माती मी हातानं सारली. नर्गिस आहेत. सगळे, सुखरूप.

पण मी इतकी भोळी नाही. माझ्याच खिडकीखाली का? यात नक्कीच काहीतरी डाव आहे. हे पत्र टाकलं तर तुम्ही ते चारचौघांत वाचून हसाल, म्हणून टाकणारच नाही. फुलं आली की न बोलावता या, समोर बसा आणि काय तो डाव सांगा.

तुमच्यावर अजूनही विश्वास नसलेली,
धाकटी