म्हशीच्या जागी हरणी

प्रिय दादा,

उद्या तुझं वर्षश्राद्ध. जेवणं आटोपली की मंडपात माईकवर तुझी कथा वाचायची, असं तुझ्या लेकीनं, रेखानं ठरवलं. म्हणून आज जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हे लिहायला बसले.

कोणती कथा, ते तू ओळखलंच असशील. धानाची रोवणी करून बायको घरी येते, ओसरीवर शहरचे पाहुणे बसलेले, आणि कथेतला नवरा म्हणतो, "चिखलातून उठलेली म्हैस दारात यावी, तशी ती आली." पाहुणे हसतात.

तू म्हणायचास, कथेतला मी म्हणजे मी नव्हे. मग ओसरी आपली कशी रे? पाहुणे आपले कसे?

अख्ख्या दवनीवाड्याला कळलं, म्हैस कुणाला म्हटलंय ते! फक्त वहिनीला नाही. तिला अक्षर येत नाही. पुस्तक छापून आलं तेव्हा हात पुसत तिनं ते माझ्यापुढे धरलं, "वाच वं बाई, माह्यावर काय लिवलं ते." मी मॅट्रिक पास, धडाधडा वाचत गेले आणि त्या ओळीवर म्हशीच्या जागी हरणी म्हटलं. रोज देवापुढे हात जोडणारी मी! तेव्हापासून ती बायांना सांगत असते, "माह्या घरवाल्यानं मले हरणी म्हटलं."

तू ऐकत होतास. एकदाही का बोलला नाहीस?

चिखल दिसला तुला. त्यात दिवसभर वाकून तिनं लावलेलं धान नाही दिसलं?

रेखाला म्हटलं, तेवढी ओळ गाळ. तर म्हणते, "आत्या, बाबांचं लिहिलेलं मी कसं बदलू?" शेवटी सकाळी पूजा झाल्यावर मीच वहिनीला खरं सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

"म्हैस?"

"हो."

तिनं सूप खाली ठेवलं. उद्या ही मंडपात येत नाही, असंच वाटलं मला. मग म्हणाली, "हरणी कायची वं! हरणी कुठं रोवणी करते? मले तेव्हाच वाटलं, तुह्या भावाले इतकं गोड लिवता येत नाही." आणि हसली. हसता हसता थांबली.

"तो पाव्हण्यायसंग हासला, ते लिवलं का त्यात?"

नाही, दादा. तेवढं तू लिहिलं नाहीस.

"हासला होता," ती म्हणाली. "मी पाह्यलं." आणि पुन्हा सूप हाती घेतलं.

रेखाशी बोलले. उद्या तिच्या जागी मी वाचणार. वहिनी समोरच बसणार आहे. म्हैस आहे तिथं म्हैसच वाचीन. पाहुणे हसतात तिथं थांबीन आणि माईकवर सांगीन, की त्या दिवशी तूही हसला होतास. वचन देते, या वेळी एक अक्षरही गोड करणार नाही. रागावू नकोस.

तुझी धाकटी बहीण,
कुंदा